तीन धुतलेले पायजमे

अहमदपूरला एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत मी दर शनिवारी बसते. दारावर ‘फिजिओथेरपी’ अशी पाटी आहे. ती पाटी नीट वाचून आत आलेला माणूसही पहिला प्रश्न हाच विचारतो, “करंट हितंच देतात का?” दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, “म्याडम, मनक्यात ग्याप हाय.” सुरुवातीची काही वर्षं मी समजावून सांगायची, की मणक्यात गॅप नावाचा आजार नसतो. आता सांगत नाही. अहमदपुरात माझं नाव ‘शेकाच्या म्याडम’ असं पडलेलं आहे, आणि नांदेडला, जिथे मी राहते आणि पहाटे योगाचा वर्ग घेते, तिथे ‘योगाच्या म्याडम’. मी मुळात नाचणारी बाई आहे हे आता फारसं कुणाला माहीत नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. दुखणाऱ्या माणसाला हलतं ठेवायचं, आणि त्याच्या शरीरातलं काय अजिबात हलवायचं नाही ते ओळखायचं. पहिलं कॉलेजात शिकवतात. दुसरं शिकायला दोन माणसांचं नुकसान व्हावं लागलं. त्यातली एक मीच.

लातूरला मी सातव्या वर्षापासून कथक शिकले. माझ्या गुरूंना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो. बाई कडक होत्या, पण त्यांनी माझ्या पायात जे घातलं ते अजून गेलेलं नाही. बारावीला असताना तालमीत चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना माझ्या डाव्या गुडघ्यातून खट्ट असा आवाज आला. गुडघा सुजून भोपळा झाला. नांदेडचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता. बाईंनी स्वतः क्रेप बँडेज बांधलं आणि म्हणाल्या, “प्रेक्षकाला गुडघा दिसत नाही, चेहरा दिसतो. चेहरा सांभाळ.”

मी सांभाळला. नांदेडला मी पूर्ण नाचले, हसत नाचले, आणि शेवटच्या गिरकीत गुडघ्यातलं जे काही उरलंसुरलं होतं ते फाटलं. टाळ्या फार पडल्या. मला पडद्यामागे उचलून न्यावं लागलं. लातूरला ऑपरेशन झालं, आणि नंतर सहा महिने ज्या सरांनी मला पुन्हा चालायला शिकवलं, ते फिजिओथेरपिस्ट होते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “लागल्यावर त्याच गुडघ्यावर किती दिवस नाचलीस?” मी म्हटलं, “आठ. कार्यक्रम होता.” त्यांनी कागदावर फक्त आठ हा आकडा लिहून त्याच्याभोवती गोल केला. पुढे त्याच विषयाला मी प्रवेश घेतला. सेवाभाव वगैरे काही नव्हतं. त्या वेळी माझ्या गुडघ्याबद्दल धड बोलणारी तेवढीच माणसं मला माहीत होती.

दुसरं नुकसान सुमनबाईंचं. नांदेडच्या माझ्या वर्गात त्या पहिल्या रांगेत बसायच्या. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या, एक दिवस खाडा नाही. पाय पसरून पुढे वाकायचं आसन चाललं होतं. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही हात पाठीवर ठेवून दाबलं. नाचाच्या बाई आम्हाला तसंच दाबायच्या. “अजून थोडं, सुमनताई.” सुमनबाई हसल्या. मला ते हसणं पटलं. मी, जी स्वतः तसं हसले होते, तिला पटलं!

तीन दिवस त्या आल्या नाहीत म्हणून घरी गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. हाडं आधीच ठिसूळ झालेली, त्यात माझ्या हाताखाली एक मणका चेपला होता. “तुम्ही सांगितलं कामून नाही?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही इतक्या मन लावून शिकवून राहिलात, मधीच कुठं ओरडायचं?” त्यांनी मला कधीही दोष दिला नाही. त्यांची उंची मात्र दोन बोटं कमी झाली, आणि ती माझ्यामुळं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही पाठीवर विचारल्याशिवाय हात ठेवत नाही. आणि विचारते तेव्हा पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

हे एवढं सांगितलं ते एका शनिवारासाठी.

सकाळचे दहा वाजले असतील. मी पडद्यामागे एका आजींच्या खांद्याला शेक देत होते. बाहेर कुणीतरी आलं आणि त्याची पावलं मला ऐकू आली. चालताना माणसाची टाच आधी टेकते आणि पुढचं पाऊल मग, म्हणजे एका पावलाचे दोन आवाज येतात. नाचणाऱ्याला ते वेगवेगळे ऐकायची सवय असते. या माणसाच्या उजव्या पावलाचे दोन आवाज येत होते. डाव्याचा एकच येत होता, थप्प. ओली चप्पल फरशीवर आपटावी तसा. मी शेकाची पिशवी आजींच्या हातात दिली आणि पडदा सारला.

समोर शिवलिंगअप्पा होते. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बी-बियाण्यांचं दुकान. पंचावन्नच्या आसपासचं वय, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची पेटी. सोबत धाकटा भाऊ महादेवअप्पा आणि अप्पांच्या बायको गंगाबाई. गंगाबाईंच्या हातात कापडी पिशवी होती, ती त्यांनी पोटाशी धरली होती.

बोलत होता तो भाऊ. “म्याडम, परवा पोतं उचलताना दादाच्या कमरेत चमक भरली. लई काही न्हाई. उद्या पोरीचं कुंकू हाय, उदगीरचे पावने येऊन राहिलेत. तुम्ही एक दणका द्या, करंट लावा, अन् उद्यापुरतं उभं करा.” कुंकू म्हणजे आमच्याकडे साखरपुडा.

“अप्पा, टाचेवर चालून दाखवा.”

उजवी टाच जमली. डावं पाऊल वर उचललंच जाईना. मी त्यांना झोपवलं. डाव्या पायाचा अंगठा माझ्या एका बोटाच्या जोराला हरत होता. आधी फक्त कळ होती, आता कळ कमी झाली, असं अप्पा म्हणाले आणि भाऊ खूश झाला. “बगा, उतारच पडून राहिला!”

कळ कमी होते आणि पायातलं बळही कमी होतं, तो उतार नसतो. नस मरायला लागलेली असते.

दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती फाटून मागे सरकली की साधारणपणे एक नस दाबते, पाय दुखतो, महिना-दोन महिन्यांत बहुतेकांचं आपलं आपण बरं होतं. पण कधी, फार क्वचित, कमरेच्या तळाशी नसांचा जो झुपका असतो तो सगळाच चेपतो. तिथून लघवी-संडासच्या नसा जातात. मग तास मोजायचे असतात. अशा पाठीला दणका दिला तर उरलेलंही जातं. हे आहे की नाही ते ओळखायला एकच प्रश्न विचारावा लागतो, आणि मराठवाड्यातल्या पंचावन्न वर्षांच्या व्यापाऱ्याला तो बाईने विचारायचा असतो.

“अप्पा, लघवी बरोबर होते का?”

“होती.” छताकडे बघत.

“बसायच्या जागी, मांड्यांच्या मधी बधिर वाटतं का?”

“न्हाई.”

मी भावाला बाहेर बसवलं. आजींनाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, आवाज चढलेला. “न्हाई म्हनून सांगितलं ना. तुम्ही करंट द्या.”

मी गंगाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या. “काकू, तुम्ही सांगा.”

त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, “मला लिंगाची आन घातली हाय. मी बोलनार न्हाई.” मग पोटाशी धरलेली ती पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिचं तोंड उघडलं. आत घडी घातलेले तीन पायजमे होते. धुतलेले, एक अजून ओलसर. खाली लहान लेकराच्या अंथरुणात घालतात तसलं रबरी कापड.

अप्पांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला.

“कधीपासून?”

हाताखालूनच अप्पा म्हणाले, “काल दुपारपासून. कळतच न्हाई कधी होतंय.”

म्हणजे वीस-बावीस तास झाले होते.

भावाला आत बोलावून मी सांगितलं, की आत्ता, या घटकेला लातूरला न्यायचं, एमआरआय करायचा, आणि मला वाटतंय तेच निघालं तर आजच ऑपरेशन. महादेवअप्पाचा आवाज एकदम वाढला. “मनक्याचं आपरेशन? म्याडम, मनक्याचं आपरेशन केलेला मानूस उठलेला पाहिला का तुम्ही? उद्या दारात मांडव हाय. पावने आल्यावर काय सांगायचं, नवरीचा बाप खाटंवर हाय म्हनून? नातं मोडंल. सोमवारी जाऊ. एक दिवसानं काय हुतंय?”

“पाय कदाचित राहतील. लघवी कायमची जाईल.”

“तुम्ही डाक्टर हाव का?”

खरंच होतं. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे ना मशीन, ना रिपोर्ट. एक पावलाचा आवाज, एक अंगठा आणि तीन पायजमे. एमआरआय चांगला निघाला, तर एका घरातलं लग्न मी विनाकारण अडवलं असं सगळा मोंढा म्हणणार, आणि शनिवारची ही खोली बंद. तो विचार मनात आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तो आला आणि चांगला मिनिटभर टिकला.

अप्पाच मध्ये बोलले. “म्याडम, फक्त उद्याचा दिवस. मी खुर्चीत बसून राहतो. कुनाला दिसनार न्हाई.”

मी साडीचा काठ वर घेतला आणि त्यांना माझ्या गुडघ्यावरचा व्रण दाखवला. असं मी कुठल्या पेशंटपुढं त्याआधी केलं नव्हतं. म्हटलं, “अप्पा, मी नाचायची. एका कार्यक्रमापुरतं कुनाला दिसू दिलं नाही. कार्यक्रम लई चांगला झाला. त्यानंतर मी एकदाही नाचले नाही.”

गंगाबाईंनी मोबाइल काढला आणि मुलीला बोलावलं.

अश्विनी दहा मिनिटांत आली. हातावर मेंदी, कोपरापर्यंत, ओली. हात अंगापासून लांब धरून ती दारात उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, जसं भावाला सांगितलं तसंच, काही मऊ न करता. तिने टेबलावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, “काका, गाडी काढा.”

“अगं, पावन्याला काय सांगायचं?”

“मी सांगते. आई, फोन लाव. माझा हात ओला हाय.”

गंगाबाईंनी नंबर लावून फोन तिच्या तोंडासमोर धरला. पलीकडे होणारे सासरे. अश्विनी म्हणाली, “मामा, अश्विनी बोलते. अप्पांना आत्ता लातूरला घेऊन चाललोत. मनक्याचं आपरेशन लागंल म्हनतेत. उद्याचा कार्यक्रम हुनार न्हाई.”

पलीकडून मग विचारणा झाली, “कोन म्हनलं आपरेशन लागंल?”

“इथल्या म्याडम.”

“म्याडमला दे.”

फोन माझ्या कानाला लागला. “तुम्ही डाक्टर का शेकाच्या?”

“शेकाची.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

ज्या माणसाने हे लपवण्यासाठी बायकोला आण घातली, त्याच्यासमोर, त्याच्या व्याह्याला मी ते काय आणि कसं सांगणार? मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांवरचा हात न काढता मान हलवली. सांगा. मी सांगितलं.

ते म्हणाले, “लातूरला कुठं नेताव ते कळवा. मी उदगीरहून निघतो.”

गाडीच्या मागच्या भागात गादी टाकून अप्पांना सपाट झोपवलं. अश्विनी पुढे काकांशेजारी, गंगाबाई डोक्याशी, मी पायाशी, दोन्ही अंगठे माझ्या हातात. दर थोड्या वेळाने मी म्हणायचे, “हलवा.” शिरूर ताजबंदला दोन्ही हलले. महादेवअप्पा गाडी इतकी जोरात चालवत होता, की गतिरोधक आला की मी अप्पांचे पाय दाबून धरायचे. चाकूरच्या अलीकडे मी म्हटलं, “डावा हलवा.”

“हलवलो की.”

हलला नव्हता. मी “बरं” म्हटलं. गंगाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवशी मात्र मला चेहरा सांभाळता आला नाही.

थोड्या वेळाने अप्पा म्हणाले, “खोटं निघालं तर, म्याडम?”

“तर मी अहमदपूरला येनं बंद करते.”

“अन् खरं निघालं तर?”

मी उजवा अंगठा घट्ट धरला. “हलवा,” म्हटलं.

लातूरच्या दवाखान्यात आधी लघवीसाठी नळी घातली. पिशवी भरली, दुसरी लावावी लागली. आत इतकं साठून नुसतं वरचं सांडत होतं, आणि माणसाला कळत नव्हतं. एमआरआय होईपर्यंत मी बाकावर बसले. समोर महादेवअप्पा उभा. सर्जन माझ्यापेक्षा बरेच तरुण होते. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र पाहिलं, मागे वळून विचारलं, “तुम्ही पाठवलंत?” आणि मी हो म्हणायच्या आत सिस्टरला सांगितलं, “थिएटर तयार करा. लगेच.”

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “काल आले असते तर बरं झालं असतं.”

ऑपरेशन चालू असतानाच उदगीरचे व्याही आले. उंच, पांढरी टोपी. अश्विनीजवळ जाऊन तिच्या मेंदीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिच्या शेजारी बसले. महादेवअप्पा तेव्हा भिंतीकडे तोंड करून रडला. तीन आठवड्यांनी कुंकू झालं, घरच्या घरी. मुलाच्या एका आत्याने ‘पिढीजात दुखनं तर न्हाई ना’ असं सगळ्यांदेखत विचारलं म्हणे. पण लग्न झालं.

यशाची गोष्ट म्हणून हे सांगायला मला अवघड जातं. उजवा पाय पूर्ण आला. डावं पाऊल अर्धवट आलं, बुटात पट्टी घालून अप्पा चालायला लागले. लघवी मात्र आली नाही. दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून ती काढायची. आधी गंगाबाई शिकल्या, मग रडतकढत अप्पा. मी दर शनिवारी त्यांच्या घरी जायचे. टाच, मग पाऊल. पुन्हा टाच. तत्काराच्या, म्हणजे कथकातल्या पदन्यासाच्या, ठेक्यावर मी टाळी वाजवायची आणि ते भिंत धरून चालायचे. शिवाय मूलबंध शिकवला. योगातलं जुनं आहे, खालचे स्नायू आत ओढून धरायचे. आमच्या शास्त्रातही तोच व्यायाम आहे, फक्त नाव इंग्रजी आहे. अप्पांना वाटायचं हे साधूंचं काम.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस ते तोंड फिरवून बसले. “तुम्ही फोनवर सांगितलं. आता साऱ्या मोंढ्याला माहीत हाय शिवलिंग कशाची नळी घेऊन हिंडतो. तुमच्यामुळं.” मी म्हटलं, “मान तुम्ही हलवली होती.” ते म्हणाले, “त्या वक्ताला मानूस काय बी हलवतो.” चार शनिवार त्यांनी मला दार उघडलं नाही. पाचव्या शनिवारी गंगाबाईंनी उघडलं. आत अप्पा भिंत धरून उभे होते, व्यायामाला तयार. त्यावर कधी बोलणं झालं नाही.

त्यांनी आदल्या दिवशी दुपारीच सांगितलं असतं तर, हा हिशेब मी अजून करते. आणि मीही खोलीत तो एक मिनिट स्वतःचा विचार करत घालवला, तोही त्यात धरते. एका मिनिटाने काही बिघडत नसावं. पण धरते.

आठवा महिना होता. नांदेडला सकाळचा वर्ग संपत आला होता. सगळे शवासनात, तीस माणसं डोळे मिटून, हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. खिडकीत ठेवलेला माझा फोन वाजला. बंद करायला गेले आणि घाईत तो सुरू झाला, स्पीकरवर.

“म्याडम! झाली!” अप्पांचा आवाज हॉलभर घुमला. “आपोआप झाली! नळी न लावता! चांगली धार लागली हो!”

मागे हमालांचा गलका ऐकू येत होता. मी दबक्या आवाजात विचारलं, “अप्पा, तुम्ही कुठून बोलताय?”

“दुकानातून. सगळे हितंच हायत.”

शवासनातली पोटं हलायला लागली. डोळे कुणी उघडले नाहीत. मी फोन कानाशी घेतला आणि सवयीने म्हटलं, “चांगलं झालं. पण आत किती उरते ते बघावं लागेल. सोमवारी सोनोग्राफी करून घ्या, नळी एकदम सोडू नका.”

“अवं, आधी खूश तर व्हा!” ते ओरडले.

“झाले,” मी म्हटलं. “झाले, अप्पा. सोनोग्राफी मात्र करा.”